जाड पत्र्याचं भांडं

चैत्र संपत आला की आमच्या पेठेत सकाळी दहालाच डांबर मऊ पडतं. शटर वर केलं की दुकानातून जो वास येतो तो वर्षात इतर कधी येत नाही. तापलेला पुठ्ठा, थर्मोकोल, नव्या वायरींचं रबर. खोक्यांच्या थप्प्या छताला टेकलेल्या असतात आणि त्यांच्यामधून वाकडं होऊन काउंटरपर्यंत जावं लागतं. लग्नसराईचे हे दोन महिने. या दिवसांत माझ्याकडे दोन तऱ्हेची माणसं येतात. काही नवं घ्यायला येतात, काही फोडलेलं घेऊन येतात. नवं घेणाऱ्यांचा आवाज रस्त्यावर ऐकू जातो. फोडलेलं आणणारे पिशवीवर टॉवेल टाकून येतात आणि दुकानातली गर्दी ओसरायची वाट बघत पायरीपाशी उभे राहतात.

मला सल्ला द्यायची खोड आहे. पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, एकदा तर स्मशानातून परतताना रिक्षात मी लोकांना फ्रिज कोणता घ्यावा हे सांगितलेलं आहे. आणि मी चुकीचं सांगत नाही. मिक्सर घेताना वॅट विचारू नका, घरात काय वाटणार ते सांगा. सोलापुरात शेंगाची चटणी वाटायची असते. दाण्याला तेल सुटतं, लगदा पात्याला धरून बसतो, मोटर कण्हायला लागते, तरी बटण सोडवत नाही. मिनिटभर फिरवा, थांबा, चमच्याने खाली लोटा, पुन्हा फिरवा. बंद पडला तर घाबरू नका, थोडा निवू द्या, उलटा करून खालचं लाल बटण दाबा. प्लॅस्टिकच्या भांड्याच्या नादी लागू नका. स्टीलचं घ्या, जाड पत्र्याचं, दांडा घट्ट बसवलेला बघा, हाताला वजन लागलं पाहिजे. कपडे धुण्याचं मशीन घ्यायचं तर आधी सांगा की तुमच्या नळाला पाणी किती दिवसांनी येतं. पूर्ण ऑटोमॅटिक मशीन नळाची वाट बघत बसतं, अर्ध्या ऑटोमॅटिकमध्ये बादलीनं ओतता येतं. पोराला किंवा पोरीला घरी एका जागी बसून काम करायचं असेल तर लॅपटॉपची हौस करू नका, टेबलावरचा कॉम्प्युटर घ्या. एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. हे सगळं मी तीस वर्षं सांगतोय आणि लोक ऐकतात.

फोडलेल्या वस्तूंबद्दल मी कुणाला काही सांगत नाही, पण मला तेही कळतं. ओट्यावरून पडलेला मिक्सर एका कोपऱ्यावर पडतो, कोपरा उडतो, बाकी अंग शाबूत राहतं. भिंतीवर फेकलेल्या मिक्सरची पाठ फुटते आणि वायर मुळापासून उपटलेली असते, कारण फेकणाऱ्याला प्लग काढायला सवड नसते. लाथ बसलेल्या कूलरची जाळी बरोबर नडगीच्या उंचीवर आत दबते. डोक्यात घातलेल्या कुकरच्या झाकणाचा काठ मुडपत नाही. तो ताठ राहतो आणि फक्त रबरी रिंगच्या खाचेत कधीकधी एखादा केस अडकलेला सापडतो. मी तो चिमट्याने काढतो, झाकण धुतो आणि मग विचारतो, काय झालं. उत्तर एकच असतं. पडलं.

मला हे कळतं त्याला कारण आहे. आमच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी टेबलफॅन फेकला होता. हिच्यावर नाही, हिच्या बाजूला, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. कशावरून ते आठवत नाही. आमटीतलं मीठ असेल, हिच्या भावाचा निरोप असेल, असलंच काहीतरी. पंख्याचं पातं सुटून हिच्या भुवईच्या वर लागलं. ही खाली बसली आणि पदराने कपाळ दाबून धरलं, आणि मी विजेचं बिल कुठे ठेवलंय ते शोधत असल्यासारखा कपाट उघडून उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी तोच पंखा खांद्यावर टाकून मेकॅनिककडे गेलो. त्याने विचारलं, काय झालं. मी म्हणालो, पडला.

मला राग पटकन येतो. आमच्या घरात सगळ्यांनाच येतो, आणि सोलापूरच्या उन्हावर ढकलून द्यायची सोय आहे. पण खरं सांगायचं तर ऊन काही करत नाही. त्रेचाळीस अंशांत मी गिऱ्हाइकाशी कधी वाकडं बोललो नाही. राग माणूस बघूनच येतो.

ज्या उन्हाळ्याबद्दल लिहायला बसलो तो चार वर्षांमागचा. तेव्हा माझ्या दुकानात बिलं मी लिहायचो. बिल लिहिण्याची आमच्या धंद्यात एक रीत आहे, ती कुणी शिकवत नाही. बाई समोर उभी असते, वस्तू तिने निवडलेली असते, भांडं उघडून आत बोट फिरवून तिने धार बघितलेली असते, पैसेही पुष्कळदा तिच्याच पिशवीतून निघतात. आणि मी पेन उघडून विचारतो, मिस्टरांचं नाव सांगा. लग्नाच्या खरेदीत तर मुलीचा बाप हौसेने जावयाचं नाव घालायला लावतो. पूर्ण नाव, पुढे चिरंजीव. त्यात मान असतो. मी असं किती हजार बिलांवर लिहिलं असेल याचा हिशेब नाही.

महादेवी माझ्याकडे सात-आठ वर्षं येत होती. माहेर अक्कलकोटकडचं, घरात कानडी, बाहेर मराठी. ती शेंगाची चटणी करून विकायची. आधी उखळात कुटायची, मग माझ्याकडून मोठा मिक्सर घेतला. माझं ऐकून तीन मिनिटांचं काम नऊ मिनिटं करायची, थांबून थांबून, त्यामुळे तिची मोटर कधी जळली नाही. तिची चटणी जाडसर असायची, लसूण पुढे, तिखट मागून. मला अण्णा म्हणायची. तिची मुलगी भाग्यश्री मला मामा म्हणायची. नात्यातलं कुणी नव्हतं, पण पेठेत असं चालतं आणि एकदा मामा झालं की माणूस स्वतःला काहीतरी समजायला लागतो. महादेवीचा नवरा सिद्राम चादरीच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडला तसा तो घरात बसला. तो आधीपासून मारत होता, हे मला नंतर कळलं. म्हणजे कारखान्यावरही ढकलता येत नाही.

तिचा मिक्सर पहिल्यांदा आला तेव्हा पाठ फुटलेली होती, वायर उपटलेली. "पडला अण्णा," ती म्हणाली. मी पाठ बदलून दिली. दुसऱ्यांदा आला तेव्हा तिच्या मनगटाला हळदीचा लेप होता आणि मिक्सरचं झाकण दुभंगलेलं होतं. तिसऱ्यांदा तिने काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. फक्त म्हणालो की महादेवी, हे प्लॅस्टिकचं भांडं काढून टाक, मी तुला जाड पत्र्याचं देतो, ते जन्मात फुटायचं नाही. तिने ते दोन्ही हातांत तोलून बघितलं. "लई जड हाय की," ती म्हणाली. मी म्हणालो, जड तेच टिकतं.

त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती भाग्यश्रीला घेऊन आली. मुलीची बारावीची परीक्षा संपली होती. ती कॉम्प्युटरवर चादरीची डिझाईन काढायला शिकत होती. चौकोन चौकोन भरत जायचे, कुठला धागा वर, कुठला खाली, आणि मग मोर उमटतो. क्लासमधल्या मशीनवर दिवसातून एकच तास मिळायचा, म्हणून घरी हवा होता. महादेवीने चटणीवर जमवलेलं सगळं एका स्टीलच्या डब्यातून आणलं होतं. मी दोघींना अर्धा तास समजावलं. लॅपटॉप नको. मोठी स्क्रीन घे, डिझाईन बारीक असते, डोळे जातील. साठवायची डिस्क मोठी घे. ती ज्यात असते तो कॉम्प्युटरचा खालचा डबा जमिनीवर ठेवू नका, फरशी पुसताना पाणी जातं. भाग्यश्री वहीत सगळं लिहून घेत होती. मला फार बरं वाटत होतं.

मग मी पेन उघडलं. "नाव सांग सिद्रामचं, पूर्ण."

"अण्णा, माझं नाव लिवा की."

मी हसलो. "महादेवी, घरातलं सगळं एका नावावर असलेलं बरं. मिक्सरचं बिल त्याच्याच नावाचं आहे. उद्या वॉरंटीला अडचण नको. आणि त्याला कळलं तर घरात तमाशा."

"त्यासाठीच म्हनलं," ती म्हणाली.

मागे तीन गिऱ्हाइकं उभी होती. एका वरबापाला फ्रिजचा रंग पसंत नव्हता. मी सिद्रामचं नाव लिहिलं, शिक्का मारला आणि कागद तिच्या हातात दिला. तिने तो घडी न घालता बराच वेळ धरून ठेवला होता. मला ते दिसलं होतं. पण दिसलेलं सगळं मनावर घ्यायला लागलो तर लग्नसराईत दुकान चालणार नाही, असं माझं तेव्हाचं मत होतं.

वैशाखात एका दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, तेव्हा ती आली. डावा कान फाटला होता. कानातलं ओढून काढलं की पाळी जशी चिरते तशी चिरली होती, रक्त मानेवर वाळून काळं झालं होतं. एक डोळा जवळजवळ मिटलेला. तिने पाणी मागितलं नाही, बसलीही नाही. उभ्या उभ्या सांगितलं. शेळगीकडे एक खोली बघितली होती. सकाळी सिद्राम बाहेर गेल्यावर तिने टेम्पो बोलावला, मिक्सर, कॉम्प्युटर, दोन पोती शेंगदाणे चढवले. रिकाम्या हाताने गेलं तर आठ दिवसांत परत यावं लागतं, हे तिला माहीत होतं. याआधी दोनदा ती तशी गेली होती आणि परत आली होती. मिक्सर असला तर चटणी होते, कॉम्प्युटर असला तर मुलीचं काम होतं, मग परत यायचं कारण उरत नाही. तिचा धाकटा दीर टेम्पोसमोर येऊन उभा राहिला. हातात माझी दोन्ही बिलं. गल्लीतल्या चार माणसांना वाचून दाखवली. नाव कुणाचं आहे बघा, म्हणाला. टेम्पोवाल्याने वस्तू उतरवून दिल्या आणि निघून गेला. तेवढ्यात सिद्राम आला. पुढचं तिच्या कानावर होतं.

"अण्णा," ती म्हणाली, "मला माझ्या नावाची बिलं करून द्या. मिक्सरचं आनि कॉम्प्युटरचं. दुसरं काय नगो."

मी बिलबुक काढलं सुद्धा होतं. कार्बन लावत होतो. तेवढ्यात सिद्राम दारात आला.

तो तिच्यामागून चालत आला असणार. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ येऊन तिचा अंबाडा मुठीत धरला आणि मागे ओढलं. ती ओरडली नाही. तिने दोन्ही हातांनी काउंटरची कड धरली आणि तिची बोटं पांढरी पडली. त्याने तिचं तोंड एकदा काचेवर आपटलं. माझ्या काउंटरच्या काचेवर, जिच्याखाली मी वॉरंटीचे नियम लावलेत.

मग मी काउंटरवरून उडी मारली. वय छप्पन्न होतं माझं. पहिला ठोसा नाकावर बसला आणि माझ्या बोटांना नाकाचं हाड सरकलेलं कळलं. तो खोक्यांवर पडला, उठायला लागला, मी त्याच्या पोटात लाथ घातली. दाखवायला ठेवलेलं पाच लिटरच्या कुकरचं झाकण हाताला लागलं. ते त्याच्या कानशिलावर हाणलं. एकदा, दोनदा. रक्त उडून पांढऱ्या फ्रिजच्या दारावर गेलं. तो हात जोडायला लागला होता, तरी मी तिसऱ्यांदा मारलं. थांबता येत नव्हतं असं लोक म्हणतात. मला थांबता येत होतं. मला थांबायचं नव्हतं. मला इतकं मोकळं किती वर्षांत वाटलं नव्हतं.

शेजारचे दुकानदार जमले. त्यांनी सिद्रामला कॉलरला धरून पायरीखाली ढकललं. कुणीतरी माझी पाठ थोपटली, कुणीतरी चहा मागवला, जास्त साखरेचा. भांडीवाले म्हणाले, शेठ, आज माणूस शोभलात. मी धापा टाकत हसत होतो.

"अण्णा, बिल," महादेवी म्हणाली.

ती काउंटरपाशीच होती. ओठ फुटला होता. बिलबुक तिच्यासमोर उघडं पडलं होतं, कार्बन अर्धा बाहेर.

"आता कसलं बिल," मी म्हणालो. "आता तो मान वर करून बघायचा नाही तुझ्याकडे. जा घरी निर्धास्त. काही झालं तर माझं नाव सांग त्याला."

ती थोडा वेळ थांबली. मी चहा प्यायलो. मग ती गेली.

संध्याकाळी घरी जेवायला बसलो तेव्हा मी सगळं हिला सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. ताटावरून उठलो, असा आला, असा धरला, आणि मी असं हाणलं, म्हणून हात वर केला. ही भाकरी वाढत होती. तिने एकदम डोकं खाली घेतलं आणि कोपर कपाळापुढे धरलं. भाकरी ताटाबाहेर पडली. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली होती, तो पंखा भंगारात गेल्यालाही पंचवीस. मी हात खाली घ्यायचाच विसरलो. हिने कोपर काढलं, भाकरी उचलली, फुंकर मारून बाजूला ठेवली आणि मला दुसरी वाढली. मी जेवलो. काय जेवलो ते सांगता येणार नाही.

झोपताना हिने एवढंच विचारलं, "तिनं मागितलं होतं ते दिलंत का?"

मी म्हणालो, उद्या देतो.

उद्या चार लग्नांची डिलिव्हरी होती. परवा भाग्यश्री आली, एकटी. तिच्या चपला वेगवेगळ्या होत्या, एक तिची, एक आईची. ती दुकानात येऊन खोक्यांमध्ये उभी राहिली आणि एका दमात सांगायला लागली, पाठ करून आल्यासारखी. परीक्षेत तोंडी विचारतात तसं.

"पप्पांनी अव्वाला मारलं. काल सकाळी. मिक्सरचं भांडं घेतलं त्यांनी, मोठं. अव्वाचा उजवा हात ओट्यावर धरला आनि वरून मारलं. हाताला धा-बारा वेळा मारलं मामा. आनि दर बारीला म्हनत होते, बोलव तुज्या दुकानदाराला, बोलव तुज्या अण्णाला. मग पायावर मारलं. भांडं फुटलंच न्हाय."

ते भांडं मी निवडून दिलं होतं. दांडा घट्ट बसवलेला, हाताला वजन लागणारं.

"तुमी त्यांना मारलं नसतं तर त्यांनी कानावर थांबवलं असतं," ती म्हणाली. आरोप नव्हता. तिने अनेक वर्षं बघितलेलं होतं, त्याचा क्रम तिला माहीत होता.

महादेवी सरकारी दवाखान्यात होती. शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं होतं, सिद्रामला त्यांनी नेलं होतं. घर उघडं होतं. भाग्यश्रीला एकच विचारायचं होतं. स्क्रीनसुद्धा फोडली, आतलं राहिलं असेल का? मी तिच्याबरोबर गेलो. ओट्यावरची फरशी तडकली होती. भांडं मोरीत पडलं होतं, एका बाजूने थोडं चेपलेलं, बाकी जसंच्या तसं. स्क्रीनच्या मधोमध त्याने पाटा घातला होता. ज्याला कॉम्प्युटर माहीत नाही तो स्क्रीन फोडतो, त्याला वाटतं तोच कॉम्प्युटर. खालच्या डब्याला हातही लागला नव्हता. मी तो दुकानात आणला, दुसरी स्क्रीन जोडली आणि बटण दाबलं. एक एक करून तिच्या चादरी उघडल्या. मोर, कोयऱ्या, देवळाची कमान. भाग्यश्री मोजत होती. सगळ्या होत्या. तेव्हा ती रडली, आणि मी बिलबुक घेऊन बसलो.

मिक्सरचं बिल, कॉम्प्युटरचं बिल. दोन्ही महादेवीच्या नावाने, तिच्या बापाचं नाव लावून, कारण तिने तसंच सांगितल्याचं भाग्यश्री म्हणाली. जुन्या बिलांच्या माझ्याकडच्या प्रतींवर आडव्या रेघा मारल्या. यात खोटं काही केलं असं मला वाटलं नाही. घेणारी ती होती, खोटं आधीच लिहिलेलं होतं. सगळं मिळून पाच मिनिटं लागली.

दवाखान्यात ती खाटेवर अर्धवट बसली होती. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, बाहेर आलेली बोटं वांग्यासारखी जांभळी. पायालाही प्लास्टर. मी कागद पुढे केले. तिला धरता येईनात, म्हणून भाग्यश्रीने तिच्या डोळ्यांसमोर धरले. तिने पूर्ण वाचले, खालचे नियमसुद्धा. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, महादेवी, माझं चुकलं.

"तुमी त्याला मारलेलं लई लोकांनी बघितलं, अण्णा," ती म्हणाली. "मी बिल मागितलेलं कुनी ऐकलं न्हाय. तुमीबी न्हाय."

पुढे ती गेली शेळगीला. टेम्पोसमोर दीर पुन्हा आला होता. भाग्यश्रीने त्याला बिलं वाचून दाखवली, मोठ्याने, गल्लीतल्या त्याच चार माणसांसमोर. तो बाजूला झाला. कागदापुढे बाजूला होणारा माणूस माझ्या ठोशापुढे बाजूला झाला नसता, त्याने दुसरा दिवस धरला असता. केस चालू आहे, तारखा पडतात. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. चटणी ती डाव्या हाताने लोटते. भाग्यश्रीच्या डिझाईनची चादर एका कारखान्यात लागली, असं ऐकलं. हे सगळं मला इकडून तिकडून कळतं.

त्या उन्हाळ्यानंतर हिने एक दिवस दुकानात येऊन माझ्या हातातून बिलबुक घेतलं आणि काउंटरवर बसली. आता लग्नसराईत बिलं ही लिहिते. परवाच एका मुलीचे वडील फ्रिज घ्यायला आले होते, सांगोल्याकडचे, डोक्याला फेटा.

"जावयाचं नाव घाला वहिनी, मानाचं असतंय," ते म्हणाले.

"मान पत्रिकेत द्या की," ही म्हणाली. "मुलीचं नाव काय?"

ते गोंधळले, मग त्यांनी नाव सांगितलं. मुलगी मागे कूलरच्या वाऱ्यात उभी होती. तिने मान वर केली. मी तोवर खोकी फोडत होतो, फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा म्हणून सांगत होतो. सल्ले मी अजून देतो. जाड पत्र्याचं भांडं कुणी मागितलं तर देतो, पण घ्या म्हणून सांगायला जीभ वळत नाही. टिकाऊ काय ते विचारणारं गिऱ्हाईक आलं की मला आधी त्यांच्या हातांकडे बघावंसं वाटतं. बघून काही कळत नाही. माझेही हात बघून कुणाला काय कळलं असतं.

गेल्या आठवड्यात दुपारी समोरच्या फुटपाथवर महादेवी दिसली. चार वर्षांत पहिल्यांदा. भाग्यश्री बरोबर होती, चांगली उंच झालीय. दोघी आमच्या समोरच्या दुकानात गेल्या. तेही दुकान मिक्सर-फ्रिजचंच, माझ्यानंतर दहा वर्षांनी उघडलेलं. तिथला माणूस दाण्याच्या वाटणाला कुठली मोटर लागते हे सांगू शकणार नाही, मला माहीत आहे. त्याने तिला मोठं खोकं काढून दाखवलं. ते मॉडेल चटणीला कुचकामी आहे, सहा महिन्यांत जळेल. ती विचारत होती, तो मान डोलवत होता. तिने भांडं उचललं, तोललं, खाली ठेवलं, दुसरं मागितलं. हलकं.

मी खुर्चीवरून उठलो. रस्ता ओलांडून दहा पावलं, एवढंच सांगायचं होतं की हे घेऊ नको, माझ्याकडून घे, नाहीतर कुणाकडूनही घे पण हे नको.

"बसा," ही म्हणाली. बिल लिहीत होती, मान वर केली नाही. "तिला काय पाहिजे ते ती घेतेय."

मी बसलो.